काटा बहात्तरवरच होता

न्हाणीघरातून यांची हाक आली तेव्हा मी ओट्यापाशी भाजी परतत होते. "अगं, जरा इकडे ये," एवढंच. आवाजात घाबरेपणा नव्हता, पण आंघोळीला गेल्यावर हाका मारण्याची यांची पद्धत नाही. म्हणून गॅस बंद करून गेले. आंघोळ आटोपून, पंचा गुंडाळून हे पाटावर तसेच बसले होते, एक हात बादलीच्या काठावर ठेवून. "उठता येत नाहीये," म्हणाले. चक्कर नव्हती, पाय दुखत नव्हते, तोलही गेला नव्हता. नुसतं उठता येत नव्हतं. मी काखेत हात घालून उठवलं, तेव्हा त्यांच्या मांडीला माझा हात लागला आणि मला कसंसंच झालं. सुती कपड्याची घडी हाताला लागावी तशी ती मांडी होती.

हे एस.टी.च्या वर्कशॉपात चौतीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्तीनंतरही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गंजलेले नट हेच सोडवून द्यायचे आणि घरातली लोणच्याची बरणी उघडायला मी त्यांच्याकडेच द्यायची. असा माणूस सहा इंच उंचीच्या पाटावरून उठू शकत नव्हता.

ही गोष्ट एप्रिल २०२३ मधली. आदल्या नोव्हेंबरात यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती आणि जानेवारीपासून केमोथेरपी सुरू होती. दर तीन आठवड्यांनी एक सलाईन आणि मग चौदा दिवस गोळ्या, अशा आठ फेऱ्या घ्यायच्या होत्या. चार झाल्या होत्या. प्रत्येक फेरीच्या आधी सिस्टर यांना काट्यावर उभं करायच्या. जानेवारीत ७२, फेब्रुवारीत ७२, मार्चमध्ये साडेएकाहत्तर, एप्रिलमध्ये परत ७२. फाइलवर ते आकडे बघून आम्हाला बरं वाटायचं. रुग्णालयातही सगळे म्हणायचे, "काकांनी वजन छान राखलंय!" मला तर तो माझ्याच स्वयंपाकाला मिळालेला शेरा वाटायचा.

पाटाचा प्रसंग घडला त्याच आठवड्यात आमची तारीख होती. नेहमीचे डॉक्टर परगावी गेले होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. मी सांगितलेलं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यांना म्हणाल्या, "काका, हात छातीवर बांधा आणि खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा बरं." घड्याळ लावून त्या बघत राहिल्या. पाच वेळा उठायला यांना एकवीस सेकंद लागले आणि पाचव्या वेळी खुर्चीचा हात धरावाच लागला. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या मापांप्रमाणे याला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं. हाताच्या पकडीचंही माप आहे. पुरुषांची पकड २८ किलोच्या खाली आणि बायकांची १८ किलोच्या खाली असेल तर ती कमी समजतात. ते मोजायचं यंत्र तिथे नव्हतं. मला त्याची गरजही नव्हती, कारण बरणी महिन्याभरापासून मीच उघडत होते.

मग त्या बाईंनी संगणकावर यांच्या पोटाचे दोन सी.टी. स्कॅन शेजारी शेजारी लावले, एक नोव्हेंबरचा आणि दुसरा त्याच आठवड्यात काढलेला. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी शरीर आडवं कापलं तर आत कसं दिसेल, तसं ते चित्र होतं. मध्ये पांढरा मणका, त्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे करड्या रंगाचे गोळे म्हणजे स्नायू, आणि भोवती काळपट दिसते ती चरबी. नोव्हेंबरच्या चित्रात मणक्याच्या बाजूचे दोन गोळे कापलेल्या लिंबाएवढे भरीव होते. एप्रिलच्या चित्रात ते आक्रसले होते आणि पाठीच्या मांसात काळ्या रेघा शिरल्या होत्या. भोवतीचा काळा पट्टा मात्र चांगला रुंद झाला होता. "काकू, मांस गेलं आणि त्याच्या जागी चरबी आली," बाई म्हणाल्या. "काट्याला दोन्ही सारखंच."

नोव्हेंबरचा तो स्कॅन पाच महिने आमच्या कपाटात पडून होता. गाठ कुठे आहे, यकृतात काही दिसतं का, हे सगळं अहवालात होतं. स्नायूंबद्दल एक ओळ नव्हती. यात कुणाची चूक म्हणावी असं नाही. नेहमीच्या अहवालात स्नायूंचं माप लिहायची पद्धतच नाही. पण याच तिसऱ्या मणक्याच्या चित्रावरून अंगातलं मांस मोजता येतं, हे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या व्हिकी बॅराकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. त्यांचा २००८ सालचा अभ्यास या विषयात फार महत्त्वाचा मानतात. अंगानं स्थूल दिसणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांमध्येही काहींचे स्नायू अगदी कमी होते, आणि त्यांचं आयुष्य इतर स्थूल रुग्णांपेक्षा कमी निघालं. बघणाऱ्याला वाटतं, माणूस अंगानं भरलेला आहे, काय काळजी!

आपल्याकडे ही फसगत जास्तच होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंची आणि वजन यांचं गणित करून जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडसडीत पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्या लोकांची ठेवण आहे, हे याज्ञिकांनी जगाला मधुमेहाच्या संदर्भात पटवून दिलं. मला ते कर्करोगाच्या वॉर्डात बसून आठवलं. मुळात शिल्लकच थोडी असेल, तर खर्च सुरू झाल्यावर ती किती पुरणार?

आणि खर्च चहूबाजूंनी असतो. शस्त्रक्रियेनंतर आम्ही यांना गादीवरून हलू दिलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा उशाशी. नातेवाईक येऊन बजावून जायचे, "पूर्ण विश्रांती हं!" आता वाचते तर २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. ते तर निरोगी होते. उलट्या होऊ नयेत म्हणून सलाईनच्या आधी स्टिरॉइड देतात. ते लागतंच, पण स्टिरॉइडचा मारा लांबला तर तो मांड्या आणि खांद्यांच्या स्नायूंवर येतो. खाली बसलेलं उठणं, जिना चढणं, केस विंचरणं, ही कामं आधी जड होतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक बंद करणारी औषधं देतात, त्यांनीही स्नायू उतरतात. आणि या सगळ्याच्या मुळाशी खुद्द आजार आहे.

याला वैद्यकात 'कॅकेक्सिया' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'वाईट अवस्था'. आपल्या भाषेत मात्र याहून नेमका शब्द आधीपासून आहे. पोटाला कमी मिळालं तर माणूस रोडावतो, पण दुखण्यानं तो खंगतो. रोडावणं आणि खंगणं यात आपल्या आज्यांनी केलेला फरक विज्ञानानं आता मान्य केला आहे, असं म्हणायला हरकत नाही. उपाशी माणसाचं शरीर शहाण्या गृहिणीसारखं वागतं. आधी साठवलेली चरबी वापरतं, स्नायू होता होईल तो राखतं, आणि खायला मिळालं की भरून येतं. खंगणाऱ्या माणसाचं शरीर घराचे वासे काढून चुलीत घालतं. २०११ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून याची जी व्याख्या केली, तिच्यात दोन गोष्टी ठळकपणे सांगितल्या आहेत. एक म्हणजे यात स्नायू झडत जातात, चरबी जाईल किंवा जाणारही नाही. आणि दुसरी म्हणजे, नुसतं खायला घालून हे पूर्णपणे भरून येत नाही. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं, तर ती धोक्याची खूण धरतात. अंगानं मुळातच किरकोळ असलेल्या किंवा आधीच स्नायू कमी असलेल्या माणसाच्या बाबतीत दोन टक्केसुद्धा पुरेसे होतात.

असं का होतं याचा शोध एका विचित्र वाटेनं लागला. न्यूयॉर्कमधले अँथनी सेरामी नावाचे संशोधक कर्करोगाचा नव्हे, तर आफ्रिकेतल्या गुरांना होणाऱ्या परजीवींच्या रोगाचा अभ्यास करत होते. अंगात परजीवी अगदी थोडे, तरी जनावर पार खंगून जातं, हे त्यांना कोड्यात टाकत होतं. शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असणार, असं धरून त्यांनी तो पदार्थ शोधला आणि त्याला 'कॅकेक्टिन' नाव दिलं. १९८५ साली सेरामी आणि ब्रूस ब्यूटलर यांना कळलं, की हा कॅकेक्टिन आणि गाठी नष्ट करणारा म्हणून ज्याचा गाजावाजा चालला होता तो 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' हे एकच आहेत. रोगाशी लढायला शरीर जी दारू भरतं, तीच घरातही फुटते. मग त्याला आवरणारी औषधं रुग्णांना देऊन पाहिली, पण उपयोग झाला नाही, कारण गुन्हेगार एकटा नाही. २००१ साली स्नायूंमधल्या दोन प्रथिनांचा शोध लागला, जी मांसाच्या तंतूंवर 'मोडीत काढा' अशी खूण करतात. आजारात त्यांचं काम जोरात चालतं. जोडीला मेंदूत भूक मारणारे संदेश जातातच.

इथे मला आईबद्दल लिहिलं पाहिजे. १९९१ साली ती स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेली. शेवटचे तीन महिने मी माहेरी होते. मऊ भात, तूप, दूध, बदामाची खीर, मी वाटी घेऊन तिच्यामागे असायची. ती तोंड फिरवायची. "अगं, घास घशाखाली उतरत नाही, मी काय करू?" म्हणायची. एकदा मी रागावून म्हटलं, "तुला बरंच व्हायचं नाहीये, आई." तिनं माझ्या हातातली वाटी घेतली आणि दोन चमचे गिळले. थोड्या वेळानं ते उलटून पडलं. त्या व्याख्येत खंगण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. तिसऱ्या पायरीवर आजार इतका पुढे गेलेला असतो, की बाहेरून घातलेलं अन्न मांस बनतच नाही, भूक नसणं हा आजाराचाच भाग असतो. आई तिसऱ्या पायरीवर होती. ती हट्ट करत नव्हती. हे मला बत्तीस वर्षांनी एका रुग्णालयाच्या बाकावर बसून कळलं. त्या बाईंनी यांच्यासाठी समजावून सांगितलं आणि मी आईसाठी रडले. त्या बिचाऱ्या गोंधळल्या.

यांची पायरी पहिलीच होती, किंवा पहिली आणि दुसरीच्या मध्ये. "इथे करण्यासारखं खूप आहे," असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी आम्हाला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे माझ्या स्वयंपाकाची परीक्षा झाली. आदल्या दिवशी यांनी काय काय खाल्लं ते मी अभिमानानं सांगितलं. सकाळी तांदळाची पेज, दहाला शहाळ्याचं पाणी, जेवायला मऊ भात, पातळ वरण, साजूक तूप, दुपारी मोसंबीचा रस, संध्याकाळी साबुदाण्याची खीर, रात्री भाताची पेज आणि शिरा. त्यांनी बेरीज केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. कर्करोगाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं हवीत असं युरोपातल्या तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. म्हणजे यांना ७२ ते १०८ ग्रॅम. माझी बेरीज तिशीच्या आतच संपली होती! साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. शहाळ्याच्या पाण्यात नाहीत, रसात नाहीत, तुपात नाहीत. आपल्याकडे आजाऱ्याचं म्हणून जे काही हलकं आणि प्रेमाचं खाणं आहे, ते बहुतेक पिठूळ, गोड नाहीतर पाणी. ते चरबी बनून अंगावर बसलं आणि काट्यानं मला शाबासकी दिली.

मग पातेली बदलली. वरण चमचा उभा राहील असं घट्ट, त्याच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम मिळतात. सकाळी पेजेऐवजी मुगाचं धिरडं आणि एक अंडं, त्याचे सहा ग्रॅम. दही फडक्यात टांगून त्याचा चक्का, शंभर ग्रॅम पनीरचे अठराच्या आसपास, हुलग्याचं माडगं, कणकेत सोयाबीनचं पीठ, आणि भावजय रत्नागिरीहून आली की मासे. हे सगळं एका जेवणात कोंबायचं नाही, दिवसभरात वाटून द्यायचं. मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्यांचं गणित वेगळं असतं, म्हणून हा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. केमोमुळे यांच्या तोंडाची चव कळकलेल्या ताकासारखी झाली होती. पितळेच्या भांड्यात ठेवल्यासारखं सगळं लागतं, असं म्हणायचे. त्यावर लिंबू, आमसूल, पुदिना यांचा उपयोग झाला. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी चमचा दिला, त्यानं त्यांना बरं वाटायचं. गार पाणी चालायचं नाही. त्या सलाईनचा गुणच असा, की गार वस्तूला हात लावला तरी बोटांना झिणझिण्या येतात.

नुसत्या खाण्यानं मांस धरत नाही, त्याला काम लागतं. फिजिओथेरपिस्ट मुलगा आमच्या धाकट्याहून लहान होता. त्यानं यांना खुर्चीवरून उठणं, ओटा धरून टाचा उचलणं, पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन हात वर करणं आणि गच्चीत चालणं दिलं. मला धास्ती वाटली. सलाईननंतरच्या चौथ्या दिवशी माणसाला व्यायाम? ते वाईट दिवस त्यानं सोडून दिले होते, आणि रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील तर किंवा आजार हाडात असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते, असंही बजावलं होतं. हेही काही आदर्श रुग्ण नव्हते. "मी काय तालमीत जाणार आहे का?" म्हणून दोनदा बाटल्या फेकल्या. मीही एकदा चिडून आत निघून गेले. आईचा प्रसंग आठवला आणि परत आले, पण वाटी न घेता.

आणखी एक गोष्ट त्या काळात समजली. तिसऱ्या फेरीनंतर यांच्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या, जुलाब थांबेनात, चौथी फेरी आठवडाभर पुढे गेली होती. केमोचा डोस अजूनही बहुतेक ठिकाणी उंची आणि वजन यांवरून शरीराच्या पृष्ठभागाचं माप काढून ठरवतात. त्यासाठीचं सर्वांत प्रसिद्ध सूत्र ड्यू बॉइस या दोघांनी १९१६ साली अवघ्या नऊ जणांची मापं घेऊन बसवलेलं आहे. पण ७२ किलोंत मांस किती आणि चरबी किती, हे त्या सूत्राला कळत नाही. ज्यांचे स्नायू कमी, त्यांना तोच डोस जास्त झोंबतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. यांच्या बाबतीत नेमकं तेच झालं की नाही, हे छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. पाचव्या फेरीपासून डॉक्टरांनी डोस थोडा उतरवला आणि उरलेल्या चारही फेऱ्या वेळेवर पार पडल्या.

औषध नाही का, असं मला सगळेच विचारतात. भूक वाढवणारं अ‍ॅनामोरेलिन २०२१ पासून जपानमध्ये वापरात आहे. त्याच्या मोठ्या चाचण्यांत मांस वाढलं, पण हाताची पकड काही सुधारली नाही. भूक मारणाऱ्या एका संदेशालाच अडवणारं इंजेक्शन २०२४ साली १८७ रुग्णांवर तपासलं गेलं, बारा आठवड्यांत वजन वाढलं, पुढच्या चाचण्यांची वाट पाहायची. आपल्या देशातलं काम मात्र अभिमानानं सांगावं असं आहे. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत १२४ रुग्णांना केमोबरोबर रोज अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी दिली. ओलान्झापिन हे मुळात मनोविकारांवरचं जुनं, स्वस्त औषध. वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलेले रुग्ण औषधाच्या गटात ६० टक्के निघाले आणि दुसऱ्या गटात ९ टक्के. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याची दखल घेऊन आपल्या सूचना बदलल्या. म्हणून कुणी दुकानातून गोळी आणून देऊ नये. यांना ती द्यायची गरज डॉक्टरांना वाटली नाही.

व्यायामाबद्दल २०२५ मध्ये आलेला निष्कर्ष मी यांना मुद्दाम वाचून दाखवला, कारण तो यांच्याच आजाराचा होता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची केमो संपलेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांना तीन वर्षं शिस्तीत व्यायाम करायला लावला, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तक दिलं. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले ९० टक्के जिवंत होते आणि दुसऱ्या गटातले ८३ टक्के. हे सगळं श्रेय स्नायूंचंच, असं त्यातून निघत नाही. यांनी ऐकून घेतलं आणि "म्हणजे तू आता मला सोडणार नाहीस," एवढंच म्हणाले.

केमो जुलै २०२३ मध्ये संपली. तेव्हा पाच वेळा उठायला पंधरा सेकंद लागत होते, दिवाळीला बारा झाले. आता दर रविवारी चहाच्या आधी मी घड्याळ घेऊन बसते. कधी दहा, कधी अकरा. वजन ७० आहे, म्हणजे तेव्हापेक्षा दोन किलो कमी, आणि विजारीचा नाडा आवळावा लागतो तो पोटाशी, मांडीशी कापड भरलेलं असतं. पाट पुन्हा न्हाणीघरात गेला. मी स्टूल आणलं होतं, ते आता माळ्यावर आहे. बोटांची बधिरता मात्र गेलेली नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, नटाचा आटा बोटांना कळत नाही, म्हणून शेजाऱ्यांना नाही म्हणावं लागतं आणि ते यांना लागतं. लोणच्याची बरणी अजून मीच उघडते.